सुपारी फुटल्यानंतर

खेड्यात लग्न ठरवणारी माणसं वेगळी आणि लग्न करणारी वेगळी. ठरवणाऱ्यांनी सुपारी फोडली, यादी केली, देण्याघेण्याचं बोलून घेतलं आणि जेवून आपापल्या गावी गेले, की करणाऱ्या दोघांच्या वाट्याला काही आठवडे, कधी काही महिने उरतात. त्यांनी एकमेकांना पाहिलेलं असतं ते पोह्यांच्या बशीआडून. नाव काय, शिक्षण किती, शेतातलं काम येतं का, एवढीच प्रश्नोत्तरं झालेली, आणि प्रश्न विचारणारे मामा नाहीतर चुलते. आता हीच दोन माणसं उरलेला जन्म एका छपराखाली काढणार. या मधल्या काळात, विसाव्या शतकातल्या महाराष्ट्राच्या खेड्यांत, काही मुलामुलींनी पोस्टाचा आधार घेतला. त्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं या संग्रहात आहेत.

वाचकाला आधीच सांगून ठेवतो, की इथे चांदणं फार नाही. बैल आहेत, पाऊस आहे, बहिणीचं बाळंतपण आहे, विहिरीला लागलेलं किंवा न लागलेलं पाणी आहे. बांगडीचं माप आहे. हे माप मला या सगळ्या व्यवहाराच्या मुळाशी असल्यासारखं वाटतं. मुलानं होणाऱ्या बायकोला पत्र लिहायचं तर निमित्त हवं, आणि निमित्त असं हवं की घरातल्या थोरांना हरकत घेता येऊ नये. चुडा भरायचा तर माप लागणारच. चपलेचं, अंगठीचं माप लागणारच. मग पत्र जातं, माप विचारलं जातं, आणि खाली उरलेल्या कोऱ्या जागेत त्याला जे खरं विचारायचं असतं ते येतं. उत्तर येतं तेव्हा मापाची ओळ सर्वांत वर असते, कारण ती सगळ्यांनी वाचायची असते. निमित्ताच्या आडून स्वतःचं बोलायचं, ही या पत्रांची कला. या मुलामुलींना ती कुणी शिकवली नव्हती, तरी त्यांतले बरेच जण तिच्यात चांगले तरबेज झालेले दिसतात.

अशी पत्रं लिहिली जायला काही गोष्टी एकत्र याव्या लागल्या, आणि त्या उशिरा आल्या. पहिली गोष्ट वय. आठ-दहा वर्षांच्या मुलीचं लग्न होत असे त्या काळात लग्नाआधीच्या पत्रव्यवहाराचा प्रश्नच नव्हता. 1929 च्या सारडा कायद्यानं मुलीचं किमान वय 14 आणि मुलाचं 18 ठरवलं. 1978 च्या दुरुस्तीनं ते 18 आणि 21 वर नेलं. कायदा झाला म्हणून खेड्यातली लग्नं थांबली नाहीत हे खरंच आहे, पण वय हळूहळू सरकलं आणि लिहू शकेल एवढी मोठी वधू बोहल्यावर चढू लागली. दुसरी गोष्ट अक्षर. 1951 च्या जनगणनेत देशातल्या शंभर बायकांत साक्षर नऊही नव्हत्या, आणि हा आकडा शहरांसकट आहे. म्हणजे या संग्रहातली सुरुवातीच्या काळातली एखादी मुलगी जेव्हा स्वतःच्या हातानं चार ओळी लिहिते, तेव्हा तिच्या गल्लीत ती बहुधा एकटीच लिहिणारी असते. तिच्या मागे चौथीपर्यंतची शाळा, एखादा हट्टी बाप नाहीतर गावात बदलून आलेल्या मास्तरीणबाई असतात.

टपाल मात्र आधीच येऊन थांबलं होतं. 1854 साली अंतर कितीही असो, हलक्या पत्राला अर्धा आणा हा एकच दर देशभर झाला. 1879 मध्ये पाव आण्याचं कार्ड आलं. 1950 मध्ये निळं आंतरदेशीय पत्र आलं आणि आपल्या विषयाचा खरा इतिहास तिथून सुरू होतो, असं माझं मत आहे. कार्ड उघडं. ते गावच्या शाखा पोस्टमास्तरनं वाचायचं (हा माणूस पुष्कळदा शाळामास्तर किंवा दुकानदारच असे), पोस्टमननं वाचायचं, ओट्यावर बसलेल्या आजोबांना वाचून दाखवायचं. पाकीट बंद, पण महाग, आणि मुलीच्या नावानं पाकीट आलं की घरात भुवया उंचावणार. आंतरदेशीय या दोहोंच्या मधलं होतं. स्वस्त, नेहमीच्या वापरातलं, तरीही डिंकानं चिकटवलेलं. त्यात दुसरं काही घालायला मनाई असे, त्यामुळे फुलाची पाकळी पाठवणाऱ्याची पंचाईत व्हायची. घडी दोन्ही बाजूंनी दाबून आत डोकावणारे धाकटे दीरही घरोघर होते. पण तत्त्वतः ते बंद होतं आणि तेवढं पुरत होतं. जागा संपली की समासात आडवं लिहायचं, मग उभं, मग पत्त्याच्या मागच्या घडीवर ता. क. लिहायचा. या संग्रहातल्या बऱ्याच पत्रांचं मर्म ता. क. मध्ये आहे. वाचताना तिथे घाई करू नये.

पत्रांचा हंगाम ठरायचा तो पंचांगावरून. आषाढात देव निजले की लग्नं बंद, ती तुळशीच्या लग्नानंतर सुरू. जेठात सुपारी फुटली आणि मृगाआधी मुहूर्त साधला नाही, तर थेट कार्तिकानंतर बघायचं. हे चार महिने म्हणजे पेरणी, कोळपणी, खुरपणीचे, कामाचे. पण जाणंयेणंही याच दिवसांत बंद पडायचं. ओढ्याला पाणी आलं की यष्टी अलीकडच्या फाट्यावरूनच वळायची, आणि पुष्कळ ठिकाणी टपालाची थैली याच यष्टीनं यायची. 1948 च्या जूनमध्ये पुणे–अहमदनगर रस्त्यावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून पुढची दोन-तीन दशकं जसजशी गाडी गावात शिरत गेली, तसतसं पत्रही वेळेवर पोचू लागलं. त्याआधी ते तालुक्याहून पायी यायचं. दोन पत्रांतलं अंतर म्हणूनच भावनेचं माप समजू नये. पंधरा दिवस उत्तर नाही याचा अर्थ रुसवा असेल, किंवा नदीला पूर असेल. त्या दोघांनाही त्या वेळी ते कळत नसे. पुढच्या पत्रात दोन्ही शक्यतांवर लिहिलेलं सापडतं. 1972 च्या दुष्काळानं तर अनेक ठरलेली लग्नं पुढे ढकलली आणि पत्रांचा काळ लांबवला. ज्यांचे हात दिवसभर दुष्काळी कामावर खडी फोडत होते त्यांनी संध्याकाळी धरलेली लेखणी अक्षरावरून ओळखू येते.

मायन्याची अडचण वेगळीच. मराठी पत्रलेखनात प्रत्येक नात्याला तयार मायना होता. वडिलांना तीर्थरूप, बरोबरीच्याला सप्रेम नमस्कार विनंती विशेष, धाकट्याला अनेक उत्तम आशीर्वाद. शाळेत तो पाठ करून घेतला जाई, वार्षिक परीक्षेत मामाला पत्र लिहून दाखवावं लागे. होणाऱ्या नवऱ्याला काय लिहायचं हे मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हतं. तो अजून नवरा नाही आणि परकाही नाही. त्याचं नाव घ्यायचं तर उखाण्यात, आणि तेही लग्नानंतर. काही मुली मायना टाळूनच देतात. वर श्री, मग एकदम पाऊसपाणी. काहींनी सगळं पत्र त्याच्या बहिणीला उद्देशून लिहिलं आहे आणि बहिणीला ते ठाऊक आहे. मुलांची तऱ्हा उलटी. ते सुरुवातीला वधूला लग्नपत्रिकेतल्यासारखं चि. सौ. कां. म्हणतात, तिसऱ्या-चौथ्या पत्राला नुसतं नाव येतं आणि अहो-जाहो सुटून अगं येतं. मुलीकडून तसं कधीच होत नाही. ती शेवटपर्यंत आपण आणि तुम्ही यांच्यातच फिरते. प्रेम वाढलं तरी पायरी बदलत नाही, हे या पत्रांतलं वास्तव कितीही गोड वाचलं तरी झाकत नाही.

पत्रांच्या अभ्यासाची आपल्याकडे परंपरा मोठी आहे, पण ती दुसऱ्याच पत्रांची. वि. का. राजवाड्यांनी 1898 पासून मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापायला घेतली तेव्हा वाडे आणि दप्तरं धुंडाळून त्यांनी पत्रं वाचवली, ती मोहिमांची, हुंड्यांची, वतनांची, वकिलांची. त्यांच्यानंतरच्या संशोधकांना त्यांनी अस्सल कागदाची शिस्त लावली. त्या शिस्तीत घरगुती पत्राला किंमत आली ती त्यात एखादी तारीख किंवा एखाद्या सरदाराचं नाव निघालं तरच. मोडीत लिहिलेलं बाईचं पत्र तर बहुतेक वेळा कारकुनाच्या हातचं. त्यातून तिचा आवाज वेगळा काढणं हे स्वतंत्रच काम आहे.

नवराबायकोच्या पत्रांकडे लक्ष गेलं ते सुधारकांमुळे. सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेली तीन पत्रं प्रसिद्ध आहेत. त्यांतली 1856 आणि 1868 ची दोन नायगावहून, म्हणजे खेड्यातून, आणि 1877 चं दुष्काळातलं, ओतूरहून. आनंदीबाई आणि गोपाळराव जोश्यांची पत्रं काशीबाई कानिटकरांनी 1912 च्या चरित्रातून वाचकांपुढे आणली, आणि पत्रातला नवरा टपालखात्यात नोकरीला होता ही त्यातली गंमत विसरू नये. पण ही सगळी लग्नानंतरची पत्रं. लग्नाआधीचा मराठी पत्रव्यवहार म्हटला की नाव येतं ते एकच, ‘कुसुमानिल’. कवी अनिल आणि कुसुमावती यांची ही पत्रं 1972 मध्ये पुस्तकरूपानं आली तेव्हा कुसुमावतींना जाऊन दहाएक वर्षं झाली होती. ते पुस्तक सुंदर आहे, आणि त्यानंच पुढच्या संपादकांची एक अपेक्षा घट्ट केली: की लग्नाआधीची छापण्याजोगी पत्रं म्हणजे दोन लेखकांची, कॉलेजात शिकलेल्यांची, कवितेवर बोलणाऱ्यांची. त्या मापानं मोजलं तर आपल्या संग्रहातलं एकही पत्र उभं राहत नाही.

बाहेर हा विषय वेगळ्या वाटांनी वाढला. थॉमस आणि झ्नानिएत्स्की या दोघांनी 1918 ते 1920 मध्ये पोलंडच्या शेतकऱ्यांवर पाच खंडांचा ग्रंथ काढला. अमेरिकेत गेलेले पोल आणि गावी राहिलेले त्यांचे नातलग यांची पत्रं त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, पैसे मोजून जमवली होती. शेतकऱ्याच्या पत्राचा मूळ साचा नमस्कारांचा असतो, देवाचं नाव, मग घरातल्या एकेकाचा नमस्कार, मग एकेकाला नमस्कार, आणि या रांगेचं काम कुटुंब एकत्र आहे हे पुन्हा पुन्हा बजावण्याचं असतं, हे त्यांनी दाखवलं. मोठ्यांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद लिहिणाऱ्या आपल्याला हे समजवून सांगायला नको. समाजशास्त्राची ही वाट. अलीकडे मानवशास्त्रज्ञांनी दुसरी काढली. लॉरा अहर्न यांनी नेपाळच्या पाल्पा भागातल्या एका मगर गावातल्या प्रेमपत्रांवर 2001 मध्ये पुस्तक लिहिलं. मुली लिहायला शिकल्या, मग पत्रं आली, मग पळून जाऊन केलेली लग्नं वाढली. आणि त्या पत्रांची भाषा पाहावी तर शालेय पुस्तकांतली, विकासाची, प्रगतीची. आपल्या पत्रांशी याचं साम्य पाहून मी चकित झालो होतो. फरकही मोठा आहे: तिथे पत्र लग्न घडवतं, इथे लग्न आधीच ठरलेलं आहे. फ्रान्चेस्का ओर्सिनी यांनी 2006 मध्ये दक्षिण आशियातल्या प्रेमाच्या इतिहासावर संपादित केलेल्या ग्रंथानं या अभ्यासाला इकडच्या साहित्याची आणि सिनेमाची जोड दिली.

या सगळ्यांत मला सर्वांत जवळचं वाटतं ते मात्र जुनं, इंग्लंडच्या नॉरफोक परगण्यातलं एक पत्र. 1477 च्या फेब्रुवारीत मार्जरी ब्रूज नावाच्या तरुणीनं जॉन पॅस्टनला ते पाठवलं. ती त्याला व्हॅलेंटाइन म्हणते, म्हणून ते पत्र दरवर्षी फेब्रुवारीत वर्तमानपत्रांतून झळकतं. पण ते नीट वाचलं तर विषय आहे हुंड्याचा. बाप ठरल्यापेक्षा जास्त द्यायला तयार नाही, आईनं खूप रदबदली केली, आणि तुझं माझ्यावर खरं प्रेम असेल तर एवढ्यावरून मला सोडणार नाहीस, असा तिच्या म्हणण्याचा आशय आहे. पत्र तिच्या हातचंही नाही, घरच्या लेखनिकाकडून लिहवून घेतलेलं आहे. म्हणजे तिच्या जिवाची घालमेल घरातल्या एका पुरुषाच्या हातून कागदावर उतरली. धाकट्या भावाला समोर बसवून पत्र सांगणाऱ्या आपल्याकडच्या मुलीला हे अपरिचित वाटलं नसतं. लग्न तिचं झालं, हेही सांगायला हवं.

देण्याघेण्याचा विषय आपल्या पत्रांतही सारखा डोकावतो, आणि 1961 च्या हुंडाबंदी कायद्यानं त्यात फारसा फरक पडलेला दिसत नाही. मुलगा मानपानाबद्दल आपल्या वडिलांची बाजू सावरतो, मुलगी आपल्या वडिलांची. कधी दोघं मिळून दोन्ही वडिलांना न दुखावता मार्ग काढू पाहतात. माझ्या मते संसाराची खरी तालीम इथे होते, शेरोशायरीत होत नाही.

शेरोशायरीही आहे, भरपूर. रेडिओवरच्या हिंदी गाण्यांतून आलेली, फडके-खांडेकरांच्या कादंबऱ्यांतून उचललेली, पुढे काकोडकर आणि बाबा कदमांच्या पुस्तकांतून घेतलेली. गावच्या वाचनालयातली कादंबरी कोणत्या महिन्यात कुणी नेली असेल हे पत्रावरून सांगता यावं, इतकी ही उसनवारी उघड आहे. एरवी वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी किंवा घाटावरची बोली बोलणारी ही मुलं पत्रात पुस्तकी मराठी लिहितात, कारण लिहायचं म्हणजे शुद्ध, हे त्यांना छडी खाऊन कळलेलं असतं. मग कुठेतरी आई आजारी पडते, बैल बसतो, कुणीतरी काहीतरी टोचून बोलतं, आणि त्या ओळीत बोली उसळून वर येते. अशा जागा मी पेन्सिलीनं खुणा करत वाचल्या. अशा ओळी कुणीतरी दुरुस्त करून दिल्या असत्या तर पत्र गेलंच होतं.

लिहिणारा मुलगा गावातच असेल असंही नाही. सातारा-कोल्हापूरकडचा असला तर तो फौजेत, पत्ता 56 एपीओ, आपण कुठे आहोत हे लिहायची त्याला मुभा नाही. त्यामुळे त्याची पत्रं हवामानावर आणि गावच्या आठवणींवर चालतात. कोकणातला असला तर गिरणीत, परळ-लालबागच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारा. त्याच्या पत्रांत एक प्रश्न टाळता येत नाही: लग्नानंतर ती मुंबईला येणार, की गावी सासूसासऱ्यांजवळ राहणार? मुली तो आडवळणानं विचारतात. उत्तर बहुतेक वेळा प्रामाणिक असतं आणि त्यांना नको असलेलं असतं. जानेवारी 1982 मध्ये गिरण्यांचा संप सुरू झाला, तेव्हा या प्रश्नाचं उत्तर कित्येकांसाठी परस्परच ठरून गेलं.

एका गोष्टीची मर्यादा कबूल केली पाहिजे. ही सगळी पत्रं जातीत ठरलेल्या लग्नांची आहेत. म्हणूनच ती लिहिता आली आणि उरली. सावित्रीबाईंच्या 1868 च्या पत्रात एका ब्राह्मण तरुणाचं आणि महार मुलीचं प्रेम गावाला कळल्यावर त्या दोघांना मारायला निघालेला जमाव आहे. सावित्रीबाई धावत गेल्या म्हणून ती दोघं वाचली. जात ओलांडणाऱ्या प्रेमात पत्र हा पुरावा असतो आणि पुराव्याची किंमत जिवानं मोजावी लागते. नुसतं पत्र सापडलं म्हणून शाळेतून काढून घाईनं उजवून टाकलेल्या मुली तर प्रत्येक तालुक्यात आहेत. ती पत्रं या संग्रहात नाहीत, कुठल्याच संग्रहात मिळायची नाहीत. या पुस्तकातला मोकळेपणा परवानगीतला मोकळेपणा आहे, हे लक्षात ठेवून ते वाचावं.

आता एक गोष्ट, जी या प्रकारच्या पत्रांनाच लागू आहे. कुठल्याही पत्रव्यवहाराचे दोन अर्धे दोन घरांत पडतात. त्याची पत्रं तिच्याकडे, तिची त्याच्याकडे. राजवाड्यांना आयुष्यभर याच अर्ध्यांनी छळलं. उत्तर मिळे तिथे मूळ पत्र नसे. लग्न ठरलेल्या दोघांचं मात्र तसं होत नाही. लग्नानंतर ती आपल्या ट्रंकेत त्याची पत्रं घेऊन येते, त्याच्या ट्रंकेत तिची असतात, आणि दोन्ही ट्रंका एकाच खोलीत येतात. सबंध संवाद, प्रश्नासकट उत्तर, एका जागी. इतिहासाच्या दृष्टीनं हे भाग्य, आणि धोकाही, कारण एकाच दिवशी सगळं बंबात जाऊ शकतं. बहुतेकांचं तसंच झालं. मुलं वाचायला शिकली तेव्हा, नाहीतर नातवंडांनी ट्रंक उघडली तेव्हा. जाळणारी बहुतेक वेळा बाई असते, आणि तिला दोष द्यावा असं मला वाटत नाही.

1950 ते 1990 या काळात अशी पत्रं लिहिणारी पिढी आता पन्नाशीपासून नव्वदीपर्यंत आहे. गावोगावी जुनी घरं पाडून स्लॅबची बांधकामं होत आहेत, माळ्यावरच्या ट्रंका भंगारात निघत आहेत. ऐंशीच्या दशकानंतर एसटीडीचे बूथ आले, मग मोबाइल. आता सुपारी फुटली की त्याच रात्रीपासून बोलणं सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. ते कमी प्रेमाचं आहे असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. उलट ज्या मुलीला चार ओळी लिहायला भावाची मनधरणी करावी लागे, तिला फोन मिळाला असता तर तिनं एक क्षणही विचार केला नसता. पण ते बोलणं उरत नाही आणि ट्रंकेतलं उरलंय तेवढंच. म्हणून हे पुस्तक आत्ता निघणं गरजेचं होतं.

संपादनात काही पथ्यं पाळली आहेत. कागद ज्याला मिळाला त्याचा असला तरी मजकुराचा हक्क कायद्यानं लिहिणाऱ्याकडे, आणि त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं वारसांकडे राहतो. त्यामुळे दोन्ही बाजूंची संमती असल्याशिवाय पत्र घ्यायचं नाही, हा पहिला नियम होता. नावं, गावं, आडनावं बदलली आहेत. ऱ्हस्वदीर्घ मात्र बदललेलं नाही, बोलीही नाही. पत्रं जोडप्यांनुसार लावली आहेत, म्हणजे प्रश्न आणि उत्तर पाठोपाठ येतात. अर्धाच पत्रव्यवहार सापडला तिथे दुसरी बाजू कल्पनेनं भरलेली नाही. तारखेच्या जागी नुसती तिथी असेल तर ती तशीच ठेवली आहे, कारण लिहिणाराचा महिना श्रावण होता, ऑगस्ट नव्हता.

शेवटचं पत्र बहुतेक ठिकाणी अक्षतांच्या आठ-दहा दिवस आधीचं आहे, वऱ्हाड किती वाजता निघणार, ट्रक ठरला की बैलगाड्या, असल्या मजकुराचं. पुढे पत्रं थांबतात आणि वर्ष-दीड वर्षानं, ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली की, पुन्हा सुरू होतात. ती आम्ही घेतलेली नाहीत. त्यांची भाषा पार वेगळी आहे: मायना ठरलेला, मजकूर भराभर, सासूबाईंच्या गुडघ्यांची चौकशी, डिंकाच्या लाडवांचा हिशेब, आणि न्यायला कधी येणार याची एक ओळ, जी आता समासात लपवावी लागत नाही.